मुलाच्या फीसाठी शरीर किती झिजवायचे?

पत्राचा सारांश: पूर्व नागपुरात राहणारे ४३ वर्षांचे हे वाचक हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्यात ठेकेदारामार्फत मशीन ऑपरेटर म्हणून काम करतात. वडील गिरणी कामगार होते. दोन मुलांपैकी एकालाच पुढे शिकवण्याची घराची ऐपत होती, म्हणून थोरला भाऊ अभियंता झाला, सरकारी नोकरीत अधिकारी झाला, आणि हे दहावीनंतर कामाला लागले. भाऊ पन्नाशीतही ठणठणीत आहे आणि रोज सकाळी अंबाझरीला फिरायला जातो. यांना मात्र गेल्या वर्षी आरोग्य शिबिरात रक्तदाब १६०/१०० असल्याचे कळले. गोळी दोन महिने घेतली आणि मग बंद केली. मुलगा यंदा दहावी झाला असून त्याला आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन व्हायचे आहे. वडिलांना ते मान्य नाही. अकरावी विज्ञान, महागडी ट्यूशन आणि पुढे अभियांत्रिकी असा मार्ग त्यांनी ठरवला आहे आणि त्यासाठी ते आठवड्याचे सहा दिवस बारा-बारा तास काम करतात. मूळ पगार १५ हजार, ओव्हरटाइम सिंगल दराने. “मी शिकलो नाही म्हणून माझे शरीर असे झाले. मुलाचे तसे होऊ नये म्हणून अजून पाच-सहा वर्षे ओढेन. मी चुकतो आहे का?” असे ते विचारतात. झोप येऊ नये म्हणून दिवसाला चार-पाच खर्रे (सुपारी-तंबाखूचे घोटलेले मिश्रण) लागतात, हे त्यांनी पत्राच्या अगदी शेवटी, सहीच्या खाली लिहिले आहे.

नमस्कार.

शिक्षण आणि आयुष्य यांचा जो संबंध तुम्ही स्वतःच्या घरावरून ओळखलात, तो खराच आहे. जगातील ५९ देशांतील अभ्यास एकत्र करून २०२४ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. शिक्षणाच्या प्रत्येक वाढीव वर्षामागे प्रौढ वयातील मृत्यूचा धोका सरासरीने सुमारे दोन टक्क्यांनी कमी होतो, असे त्यात आढळले. तेव्हा तुमच्यात आणि तुमच्या भावात दिसणारा फरक हा तुमच्या मनाचा खेळ नाही, आणि ‘ज्याच्या त्याच्या नशिबाचा भाग’ म्हणून तो झटकून टाकण्यासारखाही नाही.

तरीही “मी शिकलो नाही म्हणून माझे शरीर असे झाले” या तुमच्या वाक्याशी मी सहमत होऊ शकत नाही, कारण त्यात मधल्या साऱ्या पायऱ्या गाळल्या गेल्या आहेत. ब्रिटनमध्ये १९४७ साली शाळा सोडण्याचे किमान वय १४ वरून १५ वर नेले गेले आणि लाखो मुलांना कायद्याने एक वर्ष जास्त शिकावे लागले. त्या मुलांच्या पुढच्या आयुष्याची संशोधकांनी नंतर तपासणी केली, तेव्हा केवळ त्या वाढीव वर्षामुळे त्यांचे आयुर्मान फारसे बदलल्याचे दिसले नाही. म्हणजे वर्गात बसलेले वर्ष स्वतःहून औषधासारखे काम करत नाही. त्या वर्षामुळे पुढे कोणते काम मिळते, त्या कामात माणसाला किती मोकळीक असते, आजारी पडल्यावर त्याच्या हाताशी काय असते, यांवर बरेच काही ठरते.

याचा सर्वांत गाजलेला पुरावाही ब्रिटनचाच आहे. लंडनमधील सरकारी कार्यालयांतल्या १७ हजारांहून अधिक पुरुष कर्मचाऱ्यांचा अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. तो ‘व्हाइटहॉल अभ्यास’ म्हणून ओळखला जातो आणि मायकल मार्मट यांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले आहे. ही सगळी माणसे सरकारी कार्यालयांतच नोकरी करणारी होती, त्यांच्यात अन्नान्नदशा झालेले कोणी नव्हते आणि सरकारी आरोग्यसेवा सर्वांना सारखीच खुली होती. तरीसुद्धा सर्वांत खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाले, आणि वरून खाली येताना प्रत्येक पायरीवर ते वाढत गेले. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब करूनही त्या फरकाचा लहानच भाग उलगडला. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात आणखी एक धागा हाती लागला: आपले काम कधी, कसे आणि किती वेगाने करायचे यावर ज्यांचा ताबा कमी, त्यांना हृदयविकार जास्त.

हे तुमच्या कारखान्यात कसे दिसते, ते तुम्हीच पत्रात सांगितले आहे. पाणी प्यायला किंवा लघवीला जायचे तर मशीन कोणाच्या तरी हवाली करावी लागते, म्हणून मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्येही तुम्ही पाणी बेताने पिता, असे तुम्ही लिहिता. तुमचा भाऊ उठून पाणी पितो तेव्हा त्याला कोणाची परवानगी लागत नाही. त्याला भरपगारी रजा आहे, आजारपणाचा दिवस त्याच्या पगारातून जात नाही, आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर “ही गोळी किती दिवस घ्यायची?” असे विचारण्याचा धीर त्याला आहे. मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या, ओपीडीत सकाळी चिठ्ठीच्या रांगेत उभे राहून मी हे पाहिले आहे: अंगावरचे कपडे आणि बोलण्याची धाटणी पाहून कोणाला ‘तुम्ही’ म्हटले जाते, कोणाला ‘तू’, आणि ज्याला ‘तू’ म्हटले जाते तो बहुधा एकही प्रश्न न विचारता कागद घडी करून पिशवीत ठेवतो.

या गोष्टी पदवीसोबत मिळतात हे खरे असले, तरी त्या पदवीनेच मिळतात असे नाही. आपल्या नागपूरचाच दाखला देते. तुमचे वडील कोणत्या गिरणीत होते ते तुम्ही लिहिलेले नाही. पण १८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलने १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड आणि १९०१ मध्ये भविष्यनिर्वाह निधी सुरू केला, जेव्हा तसा कायदा व्हायला अर्धे शतक बाकी होते. त्या कामगारांच्या हातात पदव्या नव्हत्या. त्यांना जो काही आधार मिळाला तो नोकरीच्या अटींतून मिळाला. तुमच्या आणि तुमच्या भावाच्या प्रकृतीतील फरकामागे ‘ठेकेदारामार्फत’ हा शब्द दहावी-पदवीच्या फरकाइतकाच उभा आहे, असे मला वाटते. तुम्ही स्वतःला ‘न शिकलेला’ म्हणून दोष देत राहिलात, तर त्या अटींकडे कोणाचे लक्षच जाणार नाही, तुमचेही नाही.

आता तुमच्या बेताकडे येते. सहा दिवस बारा तास म्हणजे आठवड्याला ७२ तास. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून जो अंदाज प्रसिद्ध केला, त्यानुसार आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. हे आकडे सगळ्यांची सरासरी धरून आहेत. ज्याचा रक्तदाब १६०/१०० आहे, गोळी बंद आहे आणि तोंडात तंबाखू आहे, त्याचा मूळ धोकाच मोठा असतो, आणि त्यावर ही टक्केवारी चढते. मुलाचे शिक्षण पाच-सहा वर्षे चालायचे आहे. तिसऱ्या वर्षी तुम्हाला पक्षाघात झाला, तर फीही थांबेल आणि घरही अडचणीत येईल. तेव्हा तुमची तब्येत मुलाच्या शिक्षणानंतर बघू, हे गणित मुलाच्याच बाजूने पाहिले तरी जुळत नाही.

तुमच्या पत्रातील ‘सिंगल दर’ हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. आठवड्याच्या ४८ तासांपलीकडील कामाला साध्या दराच्या दुप्पट मोबदला मिळाला पाहिजे, असा कायदा आहे. २६ दिवस आणि रोजचे ८ तास धरले, तर तुमच्या १५ हजारांचा दर तासाला सुमारे ७२ रुपये पडतो. महिन्याला साधारण १०४ तासांच्या ओव्हरटाइमचे तुम्हाला साडेसात हजार मिळत असणार. कायद्याप्रमाणे तेवढेच पैसे ५२ तासांत मिळायला हवेत. शिवाय दर आठवड्याला २४ तास जादा काम हे कायद्याने घातलेल्या तिमाही मर्यादेच्याही कितीतरी पुढे जाते. हे ठेकेदाराला एकट्याने सुनावायला जाऊ नका. ठेक्यावरच्या माणसाला दुसऱ्या दिवशी “येऊ नको” म्हणणे किती सोपे असते ते तुम्ही माझ्याहून जास्त जाणता. हजेरीच्या नोंदी आणि वेतनपावत्या जपून ठेवा, शेडमधल्या पाच-सात जणांशी आधी बोला, आणि कामगार संघटना किंवा कामगार उपायुक्त कार्यालय यांच्याकडे एकत्र जा. त्याला वेळ लागेल, आणि यश येईलच अशी हमी मी देऊ शकत नाही. दरम्यान आठवड्यातून निदान दोन दिवस आठ तासांवर उतरा. हातात येणारे पैसे महिन्याला सुमारे अडीच हजारांनी कमी होतील. ते कोठून भरून निघू शकतात, ते खाली येतेच.

रक्तदाबाची गोळी तुम्ही का थांबवलीत, हे पत्रात नाही. बहुतेक जण बरे वाटते म्हणून थांबवतात, आणि रक्तदाबाची अडचण हीच आहे की तो वाढलेला असतानाही बरेच वाटत राहते. गोळीने दाब उतरतो आणि गोळी थांबली की पुन्हा चढतो. जुनी गोळी आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका; आधी दाब मोजून घ्या. जिना चढून किंवा गाडीवरून उतरल्या उतरल्या मोजू नका, पाच मिनिटे शांत बसल्यावर मोजा, आणि डॉक्टरांना गोळी सोडल्याचे स्पष्ट सांगा. महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत तिशीपुढील सर्वांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी मोफत होते. छातीत दुखणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, बोबडी वळणे, यांपैकी काहीही झाले तर पाळी संपण्याची वाट पाहायची नाही, हे घरी बायकोला आणि कामावर शेजारच्या मशीनवाल्यालाही सांगून ठेवा.

खर्ऱ्याबद्दल तुम्ही सहीच्या खाली लिहिलेत, पण माझ्या मते तो या पत्राच्या अगदी मध्यभागी आहे. पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून देणारा ठेला हिंगण्याच्या प्रत्येक गेटबाहेर असतो, आणि रात्रपाळीचा माणूस तिथे चैनीसाठी थांबत नाही, जागे राहण्यासाठी थांबतो. म्हणून “खर्रा सोडा” असे नुसते सांगणे मला अन्यायाचे वाटते. तास कमी झाल्याशिवाय तो सुटणे कठीण आहे. पण तंबाखू आणि सुपारी या दोन्ही कर्करोगजनक आहेत, आणि सुपारीमुळे तोंडाची त्वचा आतून ताठर होत जाऊन तोंड उघडणेच कमी होते. आज रात्री आरशासमोर तोंड पूर्ण उघडून आपली तीन बोटे उभी आत जातात का पाहा. जात नसतील, तिखट झोंबत असेल, किंवा पांढरा-लाल चट्टा अथवा पंधरा दिवसांत न भरणारी जखम दिसली, तर मेडिकलजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा. सोडण्यासाठी मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे. रोजच्या चार-पाच खर्ऱ्यांचा महिन्याचा खर्च मात्र कागदावर मांडा. आठ तासांवर उतरल्याने जे पैसे कमी होतील, त्यांतले बरेच इथे सापडतील.

तुमच्या पत्रात राज्य कामगार विम्याचा उल्लेखही नाही. २१ हजारांपर्यंत मासिक वेतन असलेला कामगार, मग तो ठेकेदाराचा का असेना, या योजनेत बसतो, आणि ही मर्यादा पाहताना ओव्हरटाइम धरत नाहीत. कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी जाते. ठेकेदाराने ती भरली नाही तर जबाबदारी मूळ कारखान्यावर येते. तुमच्या वेतनपावतीवर ही कपात दिसते का पाहा. दिसत असेल तर विमा क्रमांक मागून घ्या. त्यावर तुमचे आणि कुटुंबाचे उपचार सोमवारी पेठेतील कामगार विमा रुग्णालयात आणि योजनेच्या दवाखान्यांत होतात, गोळ्याही तिथूनच मिळतात. वर्गणीचे किमान दिवस भरलेले असतील, तर डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत आजारपणात वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. तुमच्या भावाकडे असलेली आजारपणाची रजा तुमच्याकडे अशा रूपात कदाचित आजही आहे, आणि तुम्ही तिचे पैसे दरमहा भरत आहात.

राहिला मुलगा. त्याच्या हातात पान्हा येऊ नये, ही तुमची इच्छा मी समजू शकते, कारण पान्हा हातात घेतल्यावर समाज कसे वागवतो हे तुम्ही पंचवीस वर्षे सोसले आहे. पण त्याला विजेच्या कामाची आवड आहे, आणि तुम्ही लिहिलेच आहे की मोहल्ल्यातल्या लोकांचे कूलर तोच दुरुस्त करून देतो. ती आवड बाजूला सारून त्याला अशा अभ्यासात ढकलले, जिथे तो जेमतेम तग धरेल, तर सहा वर्षांनी हातात कर्ज, अडकलेले विषय आणि पुन्हा ठेक्यावरची नोकरी, असे होऊ शकते. अशी मुले तुमच्याही कारखान्यात असतील. दुसरीकडे तुमची भीतीही अगदी रास्त आहे: आयटीआय करून तो ठेक्यावरचा वायरमन झाला आणि तिथेच राहिला, तर त्याचे आयुष्य तुमच्यासारखेच जाईल. म्हणून ‘आयटीआय की अभियांत्रिकी’ याऐवजी ‘आयटीआयनंतर काय’ असे मी त्याला विचारेन.

दोन वर्षांचा आयटीआय पूर्ण केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, आणि पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. दोन, दोन आणि तीन मिळून सात वर्षे होतात. अकरावीपासूनच्या मार्गाला सहा लागतात. एका वर्षाच्या फरकात त्याला प्रत्येक टप्प्यावर थांबून कमावता येईल असा दाखला हाती असतो, आणि श्रद्धानंदपेठेतील शासकीय आयटीआयची फी तर कोणत्याही ट्यूशनच्या पासंगालाही पुरणार नाही. यात अडचण एकच, पण मोठी आहे: आयटीआयमधून पदविकेला गेलेल्या मुलांना गणित जड जाते. ट्यूशनसाठी ठेवलेल्या पैशांतला थोडा भाग आतापासून त्याच्या गणितावर आणि इंग्रजीवर खर्च करा. त्याचे गणित मुळात चांगले असेल तर दहावीनंतर सरळ तीन वर्षांची पदविका हा त्याहूनही बरा पर्याय आहे, आणि तुमच्या इच्छेशीही तो जवळचा आहे. गुणपत्रिका समोर ठेवून हे दोघांनी मिळून ठरवा. त्याने आयटीआयच निवडला, तर शिकाऊ उमेदवारी रेल्वे, अंबाझरीची आयुध निर्माणी किंवा कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रे अशा ठिकाणी मिळवण्याचा प्रयत्न करायचा, वायरमनचा परवाना काढायचा आणि पदविकेचा अर्ज टाळायचा नाही, एवढे त्याच्याकडून कबूल करून घ्या. पदविकेसाठी आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र योजना आहेत. अर्ज महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर करावा लागतो. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आतापासूनच काढून ठेवा, कारण प्रवेशाच्या दिवसांत सेतू केंद्रावर उभे राहायला जागा नसते.

“आता माझे काय व्हायचे” असेही तुम्ही एके ठिकाणी लिहिता. पंचवीस वर्षे मशीन चालवणाऱ्या माणसाला कसब आहे, कागद नाही. अनुभवी कामगारांना खासगी उमेदवार म्हणून आयटीआयच्या राष्ट्रीय व्यवसाय परीक्षेला बसण्याची तरतूद आहे. मुलाच्या प्रवेशासाठी जाल तेव्हा तिथेच नियम आणि मुदत विचारून घ्या. १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून, बारावीही देता येते. ४३ व्या वर्षी त्या कागदाने रक्तदाब उतरणार नाही, परंतु कंपनीच्या कायम नोकरीसाठी अर्ज करताना, किंवा सेटर-सुपरवायझरच्या कामावर हक्क सांगताना, तो हाती असणे आणि नसणे यात पुष्कळ अंतर आहे.

आणि भावाबद्दल. तुमच्या पत्रात त्याच्याविषयी कडवटपणा नाही, याचे मला मोल वाटते, पण त्याच्याकडून तुम्ही आजवर काही मागितलेलेही दिसत नाही. दोघांच्या आयुष्यांची वाट आईवडिलांनी तेव्हाच्या ऐपतीप्रमाणे ठरवली. त्यात त्याचा दोष नाही आणि तुमचाही नाही. तरी तुमच्या कमाईतूनही त्या घराला हातभार लागला, म्हणून तो शिकू शकला. फीचे पैसे मागायला तुम्हाला संकोच वाटत असेल, तर ते मागू नका. त्याच्याकडून दोन दिवसांची रजा मागा. पहिल्या दिवशी त्याने तुमच्यासोबत कामगार विम्याच्या दवाखान्यात यावे, आणि तुम्ही घरी लिहून आणलेले प्रश्न डॉक्टर पूर्ण ऐकून घेईपर्यंत तिथे बसावे: गोळी कोणती, किती दिवस, पुढची तपासणी कधी, रात्रपाळीत ती कोणत्या वेळी घ्यायची. दुसऱ्या दिवशी त्याने पुतण्याला घेऊन आयटीआय आणि शासकीय तंत्रनिकेतन दोन्हीकडे जावे, तिथली कार्यशाळा त्याला दाखवावी आणि मागच्या वर्षीचे प्रवेशाचे कटऑफ उतरवून आणावेत. विकल्प भरण्याच्या शेवटच्या तारखेआधी हे दोन्ही दिवस झालेले असावेत.